सह्यांचा डबा

३ मार्च

धाकटे,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. सहा वर्षांनी जाऊबाईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझा जुना नंबर बंद आहे. तुझा नवरा त्याच्या सख्ख्या भावाचा फोन उचलत नाही. मग हा पत्ता मला मिळाला कुठे, विचार. पतपेढीत मिळाला, थकबाकीदारांच्या यादीत! तुझं नाव, तू कळवलेला नवा पत्ता, आणि खाली जामीनदार म्हणून कोण? मी!

अगं, मी! जिने आयुष्यात किराणावाल्याची उधारी पाच तारखेच्या पुढे जाऊ दिली नाही, ती!

नीट सांगते, म्हणजे काय करून ठेवलंयस ते तुला कळेल. हॉस्पिटलवाले आपला धुलाई विभाग बंद करताहेत. एकतीस मार्चला कुलूप. चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं बाहेर धुवायला देणार. मॅनेजरसाहेब म्हणाले, तुम्हीच बायका गट करा आणि काम घ्या. जागा आणि जुनी मशीन तुम्हालाच देतो, फक्त चार लाख आधी भरा. नाहीतर एक ठेकेदार टपून बसलाच आहे, तो स्वतःची माणसं आणणार. आम्ही उरलोय अकरा जणी. त्यातल्या सात जणींच्या घरात दुसरा पगार नाही. सगळ्या म्हणाल्या, ताई, कर्ज तुम्ही काढा, तुमच्या नावाला कोण नाही म्हणणार? मला पण तेच वाटलं. तारण ठेवायला माझ्याकडे काय आहे? भाड्याच्या दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि एक नवरा. यातलं काहीच कुणी घेणार नाही. म्हणून विनातारण कर्जाचा अर्ज केला आणि ताठ मानेने जाऊन बसले.

तो चष्मेवाला कारकून आठवतो ना? अजून तोच आहे, काडीला दोरा बांधलेला चष्माही तोच. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "ताई, तुमचा स्कोअर पाचशे अकरा आहे." मी खूश! म्हटलं, शाळेत कधी एवढे पडले नाहीत, कितीपैकी? म्हणाला, "नऊशेपैकी. पण सातशेच्या खाली आम्ही अर्ज पुढे पाठवतच नाही." आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ऐंशी हजारांचं कर्ज, सात वर्षांपूर्वीचं. कर्जदार तू, जामीनदार मी. व्याज आणि दंड धरून आज एकावन्न हजार थकलेले. मला नोटिसा म्हणे चार वेळा गेल्या. जाणारच, आपल्या जुन्या एकत्र घराच्या पत्त्यावर! तिथे आता कोण राहतं देव जाणे. आपला पगार रोखीचा, म्हणून कापून घ्यायचीही त्यांची सोय नव्हती. मागे रांगेत आपल्या वॉर्डातली नर्स उभी होती, तिने सगळं ऐकलं.

मी कधी सही केली? तर केली, डब्यातली!

डब्याची कल्पना माझीच होती, हे तू तोंडावर म्हणशील, म्हणून आधीच कबूल करून टाकते. कुणाला अडचण आली की जामीनदार लागायचा, आणि नेमक्या त्या वेळी एकीची सकाळपाळी तर दुसरीची सुट्टी. म्हणून मीच म्हटलं होतं, पगाराच्या दिवशी प्रत्येकीने दोन कोऱ्या जामीनपत्रांवर सह्या करायच्या आणि आपण बटणं ठेवतो त्या बिस्किटांच्या डब्यात टाकून ठेवायच्या. रक्कम कोरी, नाव कोरं. लागेल तिने काढायचं. नियम एकच होता, जिची सही घेतली तिला सांगायचं. नऊ वर्षं एकीनेही तो मोडला नाही. मोडला तो घरातल्याच बाईने. इतक्या जणींच्या सह्या होत्या डब्यात, तुला माझीच बरी सापडली!

परके लोक बरे गं. त्या डॉक्टरीणबाई आपल्या कोण लागत होत्या? तरी त्यांनी माझ्या छकुलीच्या ऑपरेशनचं सगळं बिल माफ केलं. तूच धावत येऊन सांगितलं होतंस ना मला? आणि त्याच सुमारास तू माझ्या सहीवर ऐंशी हजार उचलत होतीस. काय केलंस त्यांचं?

एकतीसच्या आत एकावन्न हजार भर. मला दुसरं काही ऐकायचं नाही.

तुझी, नाइलाजाने अजूनही,
थोरली जाऊ


९ मार्च

धाकटे,

उत्तर नाहीच. अपेक्षाही नव्हती.

तुझ्यामुळे आज मी काय करून बसले ते ऐक. फोनवर जाहिरात आली होती: 'तारण नको, जामीन नको, स्कोअर खराब असला तरी चालेल, पाच मिनिटांत पैसे.' मी विचार केला, आता माझ्यासारख्यांसाठी हेच दुकान. फोन लावला. एक पोरगी इतकी गोड बोलत होती की काय सांगू. मॅडम, मॅडम! मला जन्मात कुणी मॅडम म्हटलेलं नाही. म्हणाली, चार लाख मंजूर झाले मॅडम, अभिनंदन! मंजूर, अगं! पतपेढीने ज्या बाईला उठवून लावलं, तिला हिने न बघता चार लाख दिले. मी तिला आशीर्वादही दिला. मग म्हणाली, फक्त फाइल चार्ज साडेतीन हजार आधी भरा. भरले. मग म्हणाली, आता विम्याचे सहा हजार. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. म्हटलं, बाई, पैसे घ्यायला तू आहेस की मी? तर फोन बंद. पुन्हा लावला, तर नंबर अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही! आत्ता तर माझ्याशी बोलत होती!

अर्धा तास मी इस्त्रीच्या रोलरपाशी नुसती उभी होते. एक चादर करपली.

साडेतीन हजार गेले त्याचं मला एवढं नाही. पण मला कुणी तरी फसवलं! दुकानदाराच्या काट्याकडे डोळे लावून उभी राहणारी मी! आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही, बायकांनाही नाही. तुलाच सांगतेय बघ, काय वेळ आली आहे. बायका रोज विचारतात, ताई, झालं का काम? मी म्हणते, होतंय होतंय. बावीस दिवस राहिलेत.

आणि हो, 'माझी नोकरी गेली म्हणून हप्ते थकले' असं लिहिणार असशील, तर लिहू नकोस. नोकरी गेली ती तुझ्या पिशवीत चादर सापडली म्हणून. मुकादमीणबाईंनी सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली होती, मी तिथेच होते. त्यात मी काय करणार होते?

हे पत्र टाकू की नको ते उद्या ठरवते.


१४ मार्च

धाकटे,

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लाव.

मी आज पुन्हा पतपेढीत गेले होते. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मी जामीनदार आहे ना, मग मला फाइल बघायचा हक्क आहे. चष्मेवाल्याने कपाटातून काढून दिली. मला तुझी खोटी कारणं वाचायची होती. घराची दुरुस्ती लिहिलं असशील, नाहीतर माहेरचं लग्न.

कारणाच्या रकान्यात लिहिलंय, शस्त्रक्रिया. रुग्णाच्या नावाच्या जागी माझ्या छकुलीचं नाव. शाळेतलं, पूर्ण. आणि 'रुग्णाशी नातं' इथे तुझ्या त्या गोल गोल अक्षरात, मुलगी.

मी चष्मेवाल्याला म्हटलं, अहो, ही माझी मुलगी आहे. तो म्हणाला, "माहीत आहे ताई. पुतणीसाठी हे कर्ज मिळत नव्हतं, मीच त्यांना म्हटलं मुलगी लिहा. चेक आम्ही थेट हॉस्पिटलच्या नावाने काढला होता. बिल भरल्याची पावती मागे लावलीय, बघा."

बघितली. अगं, बघितली मी. आपल्याच हॉस्पिटलचा शिक्का. छकुलीला घरी सोडलं त्याच्या आदल्या दिवसाची तारीख.

माफ झालं नव्हतं? कुणीच माफ केलं नव्हतं? मग मी सात वर्षं कुणाचे उपकार मानतेय? मी त्या डॉक्टरीणबाईंना दोन महिने खपून टेबलक्लॉथ भरून दिला, चारी कोपऱ्यांना वेल काढून! त्या बिचाऱ्या म्हणाल्या होत्या, "अहो, हे कशाबद्दल?" आणि मी बाहेर येऊन तुलाच सांगितलं, बघ, किती मोठं मन, केलेलं बोलूनही दाखवत नाहीत. तू तेव्हा अभ्र्यांच्या घड्या घालत होतीस. 'हो ना ताई' म्हणालीस. 'हो ना ताई' काय गं! कसं सुचलं तुला?

मला न विचारता सही का घेतलीस, ते आता मला विचारायची गरज नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी काय बोलले होते ते मला आठवतंय. कर्ज काढणार नाही, कुणापुढे हात पसरणार नाही, ऑपरेशन वर्षभर पुढे ढकलू. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की खुब्याचा सांधा आता बसवला नाही तर पोरगी जन्मभर लंगडेल, आणि मी माझा ताठा कुरवाळत बसले होते. तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं.

चष्मेवाल्याने पाणी दिलं. मी ते हातात धरून बसले, प्यायचं लक्षातच आलं नाही.

फाइलमध्ये अजून एक कागद आहे. त्याबद्दल मी आज लिहू शकत नाही.


१५ मार्च

धाकटे,

तो कागद हप्त्यांचा आहे. चोवीस रेघा. पहिल्या चौदांवर निळे शिक्के, एकही दिवस उशीर नाही. पंधरावी कोरी, मग शेवटपर्यंत कोऱ्याच. पंधरावी रेघ ऑगस्टची आहे. तुला कामावरून काढलं दोन ऑगस्टला.

आता माझं ऐक. हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही, आणि नऊ तारखेच्या पत्रात 'मी काय करणार होते' असं लिहून मोकळी झाले होते.

तुझ्या पिशवीत बघा, हे मुकादमीणबाईंना मी सांगितलं.

त्या महिन्यात हिशेबात सहा चादरी कमी आल्या होत्या. आणि तू आधीचं वर्षभर घरखर्चात निम्मेच पैसे देत होतीस. दुहेरी पाळ्या करत होतीस, तरी हातात पैसा नाही. विचारलं तर मान खाली. मला वाटलं, माहेरी पाठवतेस, नाहीतर गुपचूप साठवतेस. मनात एकदा अढी बसली की माझं डोकं कसं चालतं तुला माहीत आहे. मी बाईंना म्हटलं, माझी जाऊ आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. वर तोरा बघ माझा!

आणि सापडलं काय? कोपऱ्याला बाद मालाचा हिरवा दोरा असलेली एक चादर, मधोमध फाटलेली. फडक्यांना सगळ्याच जणी नेतो तशी. माझ्या घरी त्या दिवशी तशा तीन होत्या. तीन! मी तोंड उघडलं नाही. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी रोलरचं बटण चालू केलं, आवाज व्हावा म्हणून.

सहा चादरी नंतर बाळंतपणाच्या वॉर्डात सापडल्या, दुसऱ्याच आठवड्यात. तोवर तुम्ही घर सोडलं होतं. मी कुणालाच काही बोलले नाही.

म्हणजे तू हप्ते बुडवले नाहीस. मी बुडवले. माझा तो पाचशे अकराचा स्कोअर मीच स्वतःच्या हाताने केलाय, आणि मी तुला लिहिलं, 'मोडला तो घरातल्याच बाईने.' ते पहिलं पत्र तुला मिळालं असेल का गं? पोस्टात जाऊन विचारलं, परत मिळेल का म्हणून. तिथला माणूस हसला नुसता.

मला आत्ता काही कळेनासं झालंय. भाजीला दोनदा मीठ घातलं आज. छकुली म्हणाली, आई, तुझं लक्ष कुठे आहे?


२६ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट आलं, त्याला आठवडा झाला.

मी ते उघडायच्या आधी हात धुतले, का ते मला विचारू नकोस. आत पतपेढीची दोन हजार भरल्याची पावती आणि पाठकोऱ्या कागदावर चार ओळी. मला त्या आता पाठ झाल्यात. 'ताई, चूक माझीच आहे. न सांगता सही घेतली. डब्यात तुमचा फॉर्म सगळ्यात वर होता. दर महिन्याला जमेल तसं भरत जाईन, तुमचं काम अडू देणार नाही. छकुली आता धावते का?'

एवढंच! माझं ते पहिलं घाणेरडं पत्र वाचून तुला एवढंच लिहावंसं वाटलं? ऐंशी हजारांचं काय केलंस असं मी विचारलं होतं, आणि तू अजूनही सांगितलं नाहीस! तेवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर मी जमिनीत गेले असते, आणि तुला ते लिहायचा हक्क होता. मी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने रडले. आमचे हे धावत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. मग सगळं सांगितलं त्यांना. चादरीचंही. ते म्हणाले, "तू मला सहा वर्षं भावाशी भांडायला लावलंस."

९, १४ आणि १५ तारखेची पत्रं याच पाकिटात घालतेय. टाकायची हिंमतच झाली नव्हती. नऊचं फाडणार होते, पण असू दे, मी काय काय बोलले तेही तुला कळू दे.

आता कामाचं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा टेबलावर उलटा केला आणि बाकीच्या दहा जणींसमोर सगळं सांगितलं. फोनवाल्या पोरीचंही सांगितलं. कुणी हसलं नाही, याचंच मला जास्त लागलं. मग ती लांबोडी, तू गेल्यावर लागलेली, उंच आहे म्हणून लांबोडी म्हणतो, ती म्हणाली, "ताई, माझ्या नावावर बघायचं का?" आणि धाकटे, तिचा स्कोअर किती निघावा? सातशे साठ! का, तर तिने मोबाइल हप्त्यावर घेतला आणि फेडला! मी सगळं आयुष्य रोखीने काढलं, तर मी नापास. ही मोबाइलवर नाचगाणी बघून पहिली! मी चष्मेवाल्याला म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरला वेड लागलंय. तो म्हणाला, "असेल ताई, पण सही त्यांचीच लागेल."

तर गटाची प्रमुख लांबोडी. वय सव्वीस. जामीनदार बाकीच्या, प्रत्येकीने फॉर्म मोठ्याने वाचून मग सही केली, त्यात दोन तास गेले. माझी सही चालणार नव्हती, म्हणून मी चहा केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या सहीवाचून काम झालं, आणि कुणाचं काही अडलं नाही. डबा आता नुसता बटणांचा आहे. चार लाख काल मंजूर झाले, खरे मंजूर, आणि आज भरले. काम आमचं झालं.

तुझं खातं मी बंद केलं. गाठीला साठ हजार होते, गटात माझा वाटा म्हणून ठेवलेले. तुझे दोन हजार वजा जाऊन एकोणपन्नास भरले. दाखला सोबत आहे, जपून ठेव. माझा वाटा मी आता मजुरीतून देणार, लांबोडीने हो म्हटलंय. उपकार म्हणून भरले असं समजशील तर बघ. ते बिल माझंच होतं, आणि त्यातले चौदा हप्ते मी तुला अजून देणं लागते. त्याखेरीज दुसरं जे देणं लागते, ते कसं फेडायचं मला खरंच माहीत नाही. मुकादमीणबाई निवृत्त झाल्यात, त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, चादर बाद होती आणि नाव मी घेतलं होतं. त्यांनी दारातूनच ऐकलं.

छकुली धावते. शाळेच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली, आणि शेवटची होती ती वाटेत पडली होती. पण धावली, अगं, पूर्ण मैदानभर धावली! जिना दोन दोन पायऱ्यांनी चढते आणि मी ओरडते. तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते मी नाही सांगणार, तू सांग.

गटाच्या अर्जात सभासदांची नावं लिहायची होती. लांबोडीने अकरा लिहिली. मी कागद ओढून घेतला आणि खाली बारावं लिहिलं, तुझं. तू माझी सही न विचारता घेतलीस, मी तुझं नाव न विचारता घातलं. तुला यायचं नसेल तर खोडायला तरी ये. भांडायचं असेल तरी ये, मी या वेळी रोलर चालू करणार नाही.

एक तारखेला पहिली पाळी आहे, सकाळी सातला. भावोजींना आण, आमचे हे स्टँडवर येऊन उभे राहतील. आणि पिशवी मोठी आण. बाद झालेल्या चादरी आता आपल्याच आहेत, घरी न्यायला कुणाला विचारावं लागणार नाही.

वाट बघतेय,
ताई